राखेच्या वर की खाली

माझ्या लिहिण्याच्या मेजावर, डाव्या हाताला, एक दगड ठेवलेला असतो. वजन पाऊण किलोच्या आसपास, आकार पाण्याच्या लांबट थेंबासारखा. एक टोक निमुळते, दुसरे जाडसर आणि गोलाकार. दोन्ही तोंडांवर उथळ खळगे आहेत, आणि त्या खळग्यांच्या कडा जिथे एकमेकींना भेटतात तिथे दगडाला सलग धार आलेली आहे, म्हणजे कधी काळी आलेली होती. आता ती बोथट झाली आहे, कारण बेसाल्ट हा आपला काळा दगड दिसायला कितीही कणखर असला तरी ऊनपावसात हळूहळू कुजतो आणि त्याच्यावर पिवळट-तपकिरी पुटे चढतात. हा दगड मी अकरा वर्षांचा असताना आजोळी, जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी, एका उभ्या दरडीतून विळ्याच्या टोकाने उकरून काढला. साल १९८४, महिना मे. एवढे मला नक्की सांगता येते, आणि याच्या पुढे जे सांगता यायला हवे होते ते सांगता येत नाही, हा या लेखाचा विषय आहे.

आजोळचे ते गाव कुकडीकाठच्याच बोरी या गावापासून फार लांब नाही. कुकडी तिथे मळईच्या जमिनीतून वळणे घेत जाते आणि पावसाळ्यात काठ कापत राहते, त्यामुळे उन्हाळ्यात नदी आटली की दोन-तीन पुरुष उंचीच्या दरडी उघड्या पडतात. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर गाळ, त्यात चुनखडीचे बोराएवढे खडे, तळाशी गोटे आणि वाळू घट्ट सांधली जाऊन झालेली गोटाड, असा त्यांचा क्रम असे. या सगळ्यांच्या मधे कुठेतरी एक पांढुरका, करडा पट्टा होता. त्याची माती हातात घेतली तर पिठासारखी हलकी लागे, पण बोटांत चोळली की बारीक कुरकुरे. आम्ही मुले तिला रांगोळी म्हणत असू. आजी पितळेची भांडी घासायला ती डबाभर आणून ठेवी आणि चुलीतल्या राखेपेक्षा हिच्याने लख्ख निघतात असे म्हणे. तीही राखच होती, फक्त ती कोणत्या चुलीतून आली हे आजीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

ते कोडे त्याच दशकात उलगडू लागले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील संशोधकांनी बोरीजवळच्या या थराचा अभ्यास केला, आणि ही ज्वालामुखीची राख असल्याचे, म्हणजेच उद्रेकात उसळलेल्या वितळलेल्या खडकाचे झटक्यात थिजलेले, सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या तुकड्यांसारखे दिसणारे कण असल्याचे स्पष्ट झाले. सह्याद्रीतला लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे उलटलेली असल्याने ही राख इथली असणे शक्य नव्हते. ती वाऱ्यावरून आलेली होती. पुढे तिचा माग इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरील टोबा या ज्वालामुखीपर्यंत, म्हणजे तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, जाऊन पोहोचला. मात्र संशोधकांना त्या राखेपेक्षाही तिच्या सान्निध्यातल्या गोटाडीत मिळालेली दगडी हत्यारे महत्त्वाची वाटत होती. बिनदांड्याच्या, मुठीत धरायच्या हातकुऱ्हाडी, रुंद धारेच्या फरश्या, तासण्या, आणि त्या घडवताना उडालेले छिलके असा तो ऐवज होता. पुरातत्त्वात या घडणीला अशुलियन म्हणतात; फ्रान्समधल्या सेंट-अशूल या ठिकाणावरून ते नाव पडले आहे. एकाच धाटणीची ही हत्यारे आफ्रिकेपासून भारतापर्यंत दहा लाखांहून अधिक वर्षे घडवली जात होती, हे वाचल्यावर आपल्या परंपरा या शब्दाची लांबी फारच तोकडी वाटू लागते.

दख्खनच्या काळ्या दगडावर अशी माणसे राहिली असतील, हेच मुळात अभ्यासकांना बराच काळ पटत नव्हते. रॉबर्ट ब्रूस फूट या ब्रिटिश भूवैज्ञानिकाला १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे पहिली हातकुऱ्हाड सापडली ती क्वार्टझाइटची होती, आणि तो खडक इथे नाही. तेव्हा हत्याराजोगा दगड नसलेल्या प्रदेशात अश्मयुगातला माणूस फिरकला नसावा, असा समज रूढ झाला. तुरळक पुरावे मात्र मिळत होते. पैठणजवळ मुंगी येथे गोदावरीच्या गाळात १८६०च्या दशकात अकीकाचा एक घडीव छिलका मिळाला होता, आणि १९३०च्या दशकात टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्याने मुंबईच्या कांदिवलीत दगडी हत्यारे गोळा केली होती. (आज कांदिवलीत तशी दरड शोधायला गेल्यास इमारतींचा पाया खणणाऱ्या यंत्रामागे धावावे लागेल.) पण हा समज खऱ्या अर्थाने मोडून काढला तो हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी. १९३९ साली डेक्कन कॉलेजात रुजू झालेला हा किरकोळ बांध्याचा प्राध्यापक नद्यांचे काठ अक्षरशः पायाखाली घालत हिंडला. नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या काठी त्यांना बेसाल्टचीच हत्यारे मिळाली, आणि १९५४ पासून त्यांनी प्रवरेकाठच्या नेवाशाला हात घातला.

नेवासे म्हटले की मराठी माणसाला पैसाचा खांब आठवतो. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते हे गाव. त्याच प्रवरेच्या काठच्या गाळात सांकलियांना रानबैलाच्या हाडांचे जीवाश्म आणि माणसाच्या हातचे दगड मिळाले, आणि तेही एकाच प्रकारचे नव्हेत. तळाच्या गोटाडीत बेसाल्टच्या जाडजूड हातकुऱ्हाडी होत्या, तर त्यांच्यावरच्या वेगळ्या गोटाडीत चर्ट, जास्पर आणि अकीक या गारगोटीच्या जातीच्या दगडांची लहान, नेटकी, छिलक्यांपासून केलेली हत्यारे होती. मधल्या काळात माणसाने दगड बदलला होता. काळ्या कातळाच्या पोकळ्यांमध्ये भरलेल्या गारगोट्या नद्या सोडवून आणतात, त्या कठीण असतात, फुटताना काचेसारख्या फुटतात, आणि त्यांची धार लवकर मरत नाही. हे कोणाच्या तरी ध्यानात आले आणि मग ते टिकून राहिले. मध्य पुराश्मयुगातली, म्हणजे अशुलियननंतरच्या टप्प्यातली, ही घडण तोवर भारतात वेगळी म्हणून ओळखली गेली नव्हती. तिला नेवासे हेच नाव जोडले गेले आणि ती ‘नेवासियन’ म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे १९६६ ते १९६९ या काळात गुद्रुन कोर्विनस या जर्मन संशोधिकेने नेवाशाजवळच्या चिरकी नाल्यावर विस्तृत उत्खनन केले आणि अशुलियन माणसांचा तिथला वावर थरासकट, जागेवर पडलेल्या दगडांसकट मांडून दाखवला.

थरासकट हा शब्द मी आज सहज लिहितो. १९८४ मध्ये तो माझ्या गावी नव्हता.

त्या दुपारी मामा मोटारीच्या पाइपाचा गळका जोड दुरुस्त करत होता आणि मला त्याने विळा धरायला दिला होता. दरडीतून एक काळे टोक बाहेर आलेले दिसले म्हणून मी ते खणायला लागलो. अर्धा तास तरी खपलो असेन. भोवतालची माती, खडे, जे काही होते ते पायाशी ढासळत गेले आणि शेवटी तो दगड सुटून हातात आला, तेव्हा त्याच्या नेमक्या बसणाऱ्या पकडीचा मला इतका आनंद झाला की मी तो तसाच घेऊन पाण्याकडे धावलो आणि घासून घासून धुतला. मामाने पाहून ‘पाटा टाकवायला बरा आहे’ एवढाच अभिप्राय दिला. त्याच्या परीने त्याने दगडाची जात बरोबर ओळखली होती.

पुढे शिक्षण, नोकरी, शहर. दगड ट्रंकेत राहिला. बऱ्याच वर्षांनी पुरातत्त्वाच्या एका अभ्यासक स्नेह्यांना तो दाखवला. त्यांनी तो हातात फिरवला, खिडकीच्या उजेडात धरला, प्रत्येक खळग्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि ही हातकुऱ्हाड असल्याचे सांगितले. नदीत गडगडताना फुटलेल्या दगडाचे घाव कसेही, कुठूनही बसलेले असतात. इथे एका बाजूचा छिलका काढून झाल्यावर दगड उलटा धरून दुसऱ्या बाजूचा काढला आहे, पुन्हा उलटा, पुन्हा सुलटा, आणि हे सगळे घाव एकाच धारेच्या दिशेने चालले आहेत. आधी मोठ्या धोंड्यापासून एक भलामोठा छिलका उडवून घेतलेला, मग त्याला हा आकार दिलेला. माझी छाती फुगत असतानाच त्यांनी विचारले, ‘राखेच्या वर होती की खाली?’

मला उत्तर देता आले नाही. आजही देता येत नाही. तो पांढरा पट्टा त्या दरडीत होता हे आठवते, कारण आजीचा डबा आम्ही तिथूनच भरत असू. पण दगड त्याच्या वरच्या पिवळ्या गाळात होता, की खालच्या गोटाडीत, की वरून ढासळून मधेच अडकलेला होता, हे आठवणीला कितीही ताण दिला तरी दिसत नाही. आणि आठवणीला फार ताणले की ती मागाल ते दाखवू लागते, हेही या वयात कळलेले असते.

हा प्रश्न एवढा मोलाचा का, हे समजायला बोरीच्या राखेचे वय काढण्याचा इतिहास पाहावा लागतो. दगडी हत्याराला स्वतःची जन्मतारीख नसते. बेसाल्टचे वय काढले तर ते लाव्हाचे निघेल, त्यावर घाव घालणाऱ्याचे नव्हे. म्हणून हत्याराच्या खालच्या-वरच्या थराचे वय काढायचे आणि त्यात हत्याराला बसवायचे, एवढाच मार्ग उरतो. नेवाशाच्या थरांतील चुनखडीचे वय युरेनियम-थोरियम पद्धतीने काढले तेव्हा ते साडेतीन लाख वर्षांहून अधिक असे आले. त्या पद्धतीची पोहोचच तिथे संपत असल्याने किती अधिक, हे ती सांगू शकत नव्हती. राख त्या मानाने उत्तम साक्षीदार ठरते. उद्रेक एकदाच होतो, राख काही दिवसांत सर्वत्र पडते, आणि तिच्यातल्या पोटॅशियमचे आर्गॉन वायूत होणारे रूपांतर घड्याळासारखे मोजता येते.

बोरीच्या राखेचे या पद्धतीने काढलेले वय १९८९ साली प्रसिद्ध झाले ते १४ लाख वर्षे. महाराष्ट्रातल्या एका नदीकाठी चौदा लाख वर्षांपूर्वीचा माणूस म्हटल्यावर खळबळ उडणे स्वाभाविक होते. मग १९९५ साली, आर्गॉनच्याच अधिक काटेकोर पद्धतीने, शीला मिश्र, शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ६ लाख ७० हजार वर्षांवर आणले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने काचकणांचे रासायनिक घटक तपासून, ही टोबाच्या सर्वांत अलीकडच्या महाउद्रेकाची, म्हणजे जेमतेम ७५ हजार वर्षांपूर्वीची राख असल्याचे मांडले. पुढच्या काळात थरांतल्या चुंबकत्वाचा अभ्यास झाला आणि टोबाचा आठ लाख वर्षांच्या आसपासचा जुना उद्रेकही पुन्हा चर्चेत आला. एकच डबाभर राख आणि तिची वये चौदा लाखांपासून पाऊण लाखापर्यंत. एखाद्या सातबाऱ्यावर इतके फेरफार क्वचितच झाले असतील.

यातला प्रत्येक आकडा कोणीतरी प्रामाणिकपणे काढलेला आहे, आणि त्यांच्यातला झगडा कशावरून आहे हे एकदा कळले की तो रंजक वाटू लागतो. राख नदीने वाहून आणून साठवलेली असेल तर तिच्यात आसपासच्या कोट्यवधी वर्षांच्या बेसाल्टचे कण मिसळतात, आणि असे चिमूटभर कणही आर्गॉनचे वय फुगवू शकतात. म्हणून मोठ्या आकड्यांवर शंका. उलट, टोबाच्या वेगवेगळ्या उद्रेकांच्या राखा रासायनिकदृष्ट्या भावंडांसारख्या दिसतात, त्यामुळे चेहऱ्यावरून धाकटे कोण हे ठरवणेही जोखमीचे. म्हणून लहान आकड्यावर शंका. शिवाय हत्याराचेही तसेच. जुनी हातकुऱ्हाड पुरात निसटून नव्या गोटाडीत जाऊन बसू शकते आणि मग ती आपल्याहून लाखो वर्षांनी तरुण थराची रहिवासी भासते. मोरगावजवळ, कऱ्हेच्या काठीही अशुलियन हत्यारे आणि ज्वालामुखीची राख अशी जोडी मिळाली आहे, आणि तिथेही वाद याच वळणाने गेला. अष्टविनायकांतला मयूरेश्वर तिथे आणि विघ्नेश्वर इकडे कुकडीवर ओझरला. दोन्हीकडे विघ्ने तेवढी कालमापनाच्या वाट्याला आलेली दिसतात.

माझा स्वतःचा कल विचाराल तर तो जुन्या वयाकडे आहे, पण ‘चौदा लाख’ म्हणण्याइतका नाही. तमिळनाडूत अत्तिरमपक्कम येथील अशुलियन थरांचे वय २०११ साली सुमारे १५ लाख वर्षे असे प्रसिद्ध झाले, तेव्हापासून भारतात इतक्या आधी माणूस असणे अशक्य, असे कोणी म्हणत नाही. मात्र अत्तिरमपक्कमच्या पुराव्याने बोरीचे काही सिद्ध होत नाही; प्रत्येक काठाला आपली साक्ष आपणच द्यावी लागते. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या संदेशांमध्ये ‘महाराष्ट्रात चौदा लाख वर्षांपूर्वीची संस्कृती’ असे अभिमानाने लिहिलेले दिसते तेव्हा मला त्यातल्या अतिशयोक्तीपेक्षा त्या आकड्यामागचा सगळा तंटा गाळला गेल्याचे वाईट वाटते, कारण खरी मौज त्या तंट्यातच आहे.

‘वर की खाली’ या दोन शब्दांवर केवढी इमारत उभी राहते हे आंध्र प्रदेशातील ज्वालापुरमला दिसते. कर्नूल भागातल्या त्या गावी टोबाची ७४ हजार वर्षांपूर्वीची राख जाड थरात साठली आहे. भांडी घासण्याच्या भुकटीसाठी ती खणून विकली जात असे, आणि हे वाचताना मला आजीचा डबा आठवून हसू आले होते. तिथे राखेच्या खाली दगडी हत्यारे मिळाली आणि वरही मिळाली, व दोन्हींची घडण बरीचशी सारखी निघाली. पृथ्वीवरच्या मोठ्यातल्या मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला, आकाश काळवंडले असेल, झाडे-पाणी राखेने भरले असेल, आणि तरीही त्यानंतर त्या खोऱ्यात माणसे तशीच दगड घडवत राहिली, असा निष्कर्ष २००७ साली मांडला गेला. उत्खनन करणाऱ्यांनी प्रत्येक छिलका कोणत्या थरातून निघाला हे लिहून ठेवले नसते तर ती राख भांडी घासण्यापुरतीच राहिली असती.

मी माणूस, माणसे असे लिहीत आलो आहे, पण हातकुऱ्हाडी घडवणारे आपल्या जातीचे होते असे मानण्याचे कारण नाही. ते कदाचित होमो इरेक्टस असतील, कदाचित त्यांचे कोणी वारस. या प्रदेशातल्या नदीगाळांत हत्ती आणि रानबैल यांची हाडे मिळाली, पण त्यांच्याबरोबर वावरणाऱ्या या दगडफोड्यांचे हाड मिळालेले नाही. भारतात इतक्या जुन्या मानवाच्या कवटीचा वरचा भाग सापडला तो १९८२ साली, नर्मदेकाठी हथनोरा येथे, अरुण सोनकिया यांना. आपल्याकडे फक्त त्यांच्या हातांचे काम आहे. चेहरा नाही, बोली नाही, मेलेल्यांचे ते काय करीत हे माहीत नाही. खूप पुढे, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वी, चाळीसगावजवळ पाटणे येथे कोणीतरी शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर आडव्यातिडव्या रेघांची जाळी कोरली, एस. ए. साळी यांच्या उत्खननात तो तुकडा मिळाला. त्या रेघा पाहताना समोरचा आपल्यासारखाच असल्याचे चटकन जाणवते. हातकुऱ्हाड तशी ओळख देत नाही. ती हातात चपखल बसते आणि गप्प राहते.

गेल्या वर्षी मी ती जागा शोधायला गेलो. मामा आता थकला आहे, पण काठीवर वाट दाखवत बरोबर आला. धरणांच्या पाण्याने कुकडीकाठचा सगळा मुलूख बदलला आहे. ऊस, टोमॅटो, द्राक्षे, आणि उसात बिबट्याची भीती असल्याने संध्याकाळच्या आत परतण्याची घाई. पलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या होत्या. एकूण तीस, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी ऐकणारे हे यंत्र त्या गाळाच्या इतक्या जवळ असावे, याची गंमत मामाला सांगितली तर तो म्हणाला, ‘ते वरचं बघतात, तू खालचं बघ.’ पण खालचे बघायला दरडच उरली नव्हती. काठ उतरता करून घेतला होता, त्यावर पाइपांच्या चार ओळी नदीत उतरल्या होत्या, आणि मातीवर गवत वाढले होते. मामाने काठीने दोन-तीन ठिकाणी दाखवले. ‘इथं असेल. नाहीतर त्या बाभळीपाशी. बाभूळ तरी तीच आहे का कोण जाणे.’ पांढरा पट्टा कुठेच दिसला नाही.

घरी आल्यावर त्या अभ्यासक स्नेह्यांना फोन केला. दगड त्यांच्याकडे सोपवावा असे माझ्या मनात होते आणि ते त्याला राजी होते. त्याच्याबरोबर एक चिठ्ठी लागेल, असे ते म्हणाले. शिकाऊ विद्यार्थ्यांना हातात घेऊन बघायला चांगला आहे, नोंद मात्र हवी. म्हणून काल रात्री एक कोरे कार्ड घेतले आणि लिहिले: ‘हातकुऱ्हाड. बेसाल्ट. कुकडी नदी, उजवा काठ, ता. जुन्नर, जि. पुणे. मे १९८४.’ त्याखाली ‘थर’ असे लिहून पुढची जागा मोकळी ठेवली.